जुन्या घरातला एसी बदलताय? आधी पाहणी करा, मग भाव सांगा



एसी दुरुस्ती आणि इन्स्टॉलेशनच्या धंद्यातले मित्र नेहमी एक प्रश्न विचारतात. "सर, सीझनमध्ये रोज चार-चार कामं करतो, तरी जूनमध्ये हातात काही उरत नाही. असं का?" आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. उदाहरण घेतलंय मीरा-भाईंदरचं, कारण जुन्या घरात एसी बदलण्याचं काम इथे भरपूर आहे. पण तुम्ही डोंबिवलीत असा, वसईत असा किंवा पनवेलमध्ये, हिशेब तोच लागू होतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. फोनवर भाव सांगून घेतलेलं जुन्या घरातलं काम बहुतेक वेळा तोट्यात जातं. पाहणी करून, कागदावर लिहून घेतलेलं काम पैसेही देतं आणि पुढचं गिऱ्हाईकही देतं. आणि या पाहणीचा संबंध फक्त पैशांशी नाही, छज्जावर उतरणाऱ्या तुमच्या मुलाच्या जिवाशीही आहे.

मीरा-भाईंदरच का?

१९९१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर. म्हणजे नव्वदच्या दशकात इथे प्रचंड बांधकाम झालं. त्या काळातल्या तळमजला अधिक चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती आज तीस वर्षांच्या झाल्या आहेत किंवा होत आल्या आहेत.

या घरांचं वायरिंग झालं तेव्हा घरात एक फ्रिज, एक टीव्ही आणि चार पंखे एवढाच भार गृहीत धरलेला होता. एसी नंतर आला, तोही खिडकीत बसवलेला. आता ते मशीन गेलं की घरातला मुलगा म्हणतो, "स्प्लिट लावू या." आणि फोन तुम्हाला येतो.

त्यात एका बाजूला वसईची खाडी, भाईंदरची मिठागरं आणि पश्चिमेला उत्तनचा समुद्र. खारी हवा लोखंड खाते. मशीनचं, स्टँडचं आणि इमारतीच्या स्लॅबमधलंसुद्धा. त्यामुळे पाहणीला जाताना खाली दिलेल्या पाच गोष्टी याच क्रमाने बघा.

१. खरंच बदलायचंय का?

गिऱ्हाईक म्हणतं "बदलून द्या" आणि आपण लगेच मशीनचा फोटो पाठवतो. थांबा. आधी जुन्या मशीनची प्लेट वाचा. कोणता गॅस आहे?

प्लेटवर आर-२२ लिहिलं असेल तर मशीन जुन्या पिढीचं आहे. हा गॅस ओझोनच्या थराला इजा करतो. आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून नवीन मशीन बनवताना या जातीचे गॅस वापरणं बंद झालंय. अशा मशीनचा कॉइल गळत असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल तर दुरुस्तीवर मोठा खर्च करायला सांगू नका. पण फक्त कपॅसिटर किंवा फॅन मोटर गेली असेल तर दुरुस्त करून द्या. हे खरं सांगितलंत की ते घर पुढची दहा वर्षं तुमचं.

दुसरं, स्टारचं लेबल. गिऱ्हाईक म्हणेल, "आमचा जुनासुद्धा फाइव्ह स्टारच होता." त्यांना लेबलवरचं वर्ष दाखवा. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा आधीची फाइव्ह स्टार मशीन्स एक स्टार खाली आली. म्हणून तुलना करताना नुसते स्टार मोजू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो, तो वाचून दाखवा.

२. किती टन?

एक टन म्हणजे मशीनचं वजन नाही, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता बाहेर फेकण्याची ताकद, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॉट.

कामचलाऊ अंदाज असा की १२० ते १५० चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो. मग त्यात घराचा स्वभाव बघायचा. पश्चिमेची भिंत आहे का? वरचा मजला आहे का? गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर स्लॅब कमी तापतो, उघडी असेल तर रात्री अकरापर्यंत छत उष्णता सोडत राहतं. हॉल आणि बेडरूममधली भिंत पाडून एक केलंय का?

"मोठाच लावून टाका" हा सल्ला आपल्या दमट हवेत उलटतो. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली पटकन थंड करतं आणि लगेच कॉम्प्रेसर बंद होतो. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार असते पण चिकचिक जात नाही. इन्व्हर्टर मशीन वेग कमी करून हे थोडं सांभाळतं, पण फार मोठं घेतलं तर तेही किती सांभाळणार? आणि गिऱ्हाईक म्हणणार, "एसी नीट लावला नाही."

३. वीज पेलेल का?

जुन्या घरात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. मीटरपासून सुरुवात करा.

- बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. बिल अदानी इलेक्ट्रिसिटीचं असो की टाटा पॉवरचं, हा आकडा त्यावर असतो. दुसरा एसी वाढवत असतील तर भार वाढवण्याचा अर्ज करावा लागू शकतो.
- मेन स्विचजवळ अजून किटकॅट फ्यूज आहे का? त्यात जाडी तार गुंडाळलेली आहे का? असेल तर फोटो काढून ठेवा.
- एसीच्या पॉइंटला डीबीपासून वेगळी लाइन आली आहे का, की गीझरच्या लाइनमधूनच फाटा काढलाय? दीड टनाचं जुन्या पद्धतीचं मशीन साधारण आठ अँपिअर घेतं. दोन किलोवॉटचा गीझर जवळपास नऊ. दोन्ही एका बारीक वायरीवर असतील तर डिसेंबरच्या थंडीत काही होणार नाही. मार्चमध्ये आंघोळ आणि एसी एकत्र चालू झाले की वास येईल.
- अर्थिंग मल्टिमीटरने तपासा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळतात, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच मिळायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये पाच-सात व्होल्टच्या वर दिसत असतील तर अर्थिंगमध्ये गडबड आहे.

वेगळी तांब्याची लाइन, योग्य एमसीबी आणि १६ अँपिअरचा सॉकेट, हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि त्याची वेगळी ओळ भावपत्रकात टाका. "तेवढं जोडून द्या ना" म्हटल्यावर फुकट जोडून देऊ नका. आग लागली तर सगळे विचारतील, शेवटचा हात कोणाचा लागला होता?

४. आउटडोअर कुठे बसेल?

जुन्या घरात खरा प्रश्न हाच आहे. इनडोअर कुठेही बसतं. आउटडोअरसाठी जागा लागते, ती मजबूत लागते, आणि तिथे माणसाला जाता यावं लागतं. आज बसवायला आणि पुढची दहा वर्षं सर्व्हिस करायलासुद्धा.

छज्जा पाऊस आणि ऊन अडवण्यासाठी बांधलेला असतो. तीस-चाळीस किलोचं मशीन आणि वर सत्तर किलोचा माणूस पेलण्यासाठी नाही. खारी हवा आणि ओल आत गेली की काँक्रीटमधली सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून प्लास्टर आणि रंग नवा असला तरी खालून बघा. तपकिरी डाग, सळईच्या रेषेत तडे, ठोकल्यावर पोकळ आवाज, यातलं काहीही दिसलं तर त्या छज्जावर मशीनही नाही आणि माणूसही नाही.

सोसायटीला दोन गोष्टी विचारा. एक, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल स्थिरतेचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीला दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय. अहवालात छज्जांबद्दल काय लिहिलंय ते सेक्रेटरींना विचारायला दोन मिनिटं लागतात. दुसरी गोष्ट, बाहेरच्या भिंतीवर मशीन लावायला कमिटीची लेखी परवानगी. ती गिऱ्हाइकाने आणायची, पण आठवण तुम्ही करायची. नाहीतर मशीन वर चढवल्यावर वॉचमन काम थांबवतो आणि तुमचा दिवस जातो.

जागा निवडताना हे बघा:

- मशीनच्या मागे आणि बाजूला कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढी मोकळी जागा हवी. पुढे गरम हवा निघून जायला वाट हवी. बंद डक्टमध्ये किंवा सामान भरलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवलं की मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. बिल वाढतं, कॉम्प्रेसर लवकर जातो.
- गरम हवा शेजाऱ्यांच्या खिडकीवर जाता कामा नये. भांडण त्यांचं होतं, फोन तुम्हाला येतो.
- स्टँड साधा रंगवलेला लोखंडी नको. गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचा द्या, बोल्टसुद्धा तसेच. ॲंकर विटेत नाही, शक्यतो बीम किंवा कॉलमच्या काँक्रीटमध्ये जायला हवा. कॉइलला गंजरोधक थर असलेलं मशीन सुचवा.
- टेक्निशियनला पट्टा नाही, पूर्ण अंगाचा हार्नेस द्या, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला. दोर घराच्या आत पक्क्या जागी बांधायचा, खिडकीच्या ग्रिलला नाही. ग्रिल चार स्क्रूंवर उभी असते.

आणि सुरक्षित जागा मिळालीच नाही तर? तर खिडकीचाच एसी पुन्हा लावा. इन्व्हर्टरचे विंडो एसी बाजारात आहेत, भोक तयार आहे, सर्व्हिस आतून होते, आणि कोणाला बाहेर लटकावं लागत नाही. "स्प्लिटच पाहिजे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला "इथे स्प्लिट बसणार नाही" असं सांगणं हाही तुमच्या कामाचाच भाग आहे. विंडोचा भाव काढताना जुन्या आणि नव्या मशीनची मापं मात्र जुळवून बघा, नाहीतर फ्रेम आणि सुताराचा खर्च वाढतो.

५. इनडोअर, पाइप आणि पाणी

इनडोअर शक्यतो बाहेरच्या भिंतीला किंवा तिच्याजवळ घ्या, म्हणजे पाइप छोटी राहते. वर छतापासून कंपनीने सांगितलेलं अंतर सोडा. जुन्या घरात बीम खाली उतरलेले असतात. समोर दोन फुटांवर बीम असेल तर हवा तिथेच आपटून परत येते. झोपणाऱ्याच्या तोंडावर थेट झोत नको. टीव्हीच्या बरोबर वर नको, पाणी गळलं तर टीव्हीचे पैसे मागतील.

पाण्याचा पाइप संपूर्ण रस्ताभर उतरता हवा. मध्ये कुठे वर चढला की पाणी साचतं आणि पावसाळ्याआधीच भिंत ओली होते. टोक कुठे सोडणार ते पाहणीतच ठरवा. खालच्या घराच्या छज्जावर ठिबकणारं पाणी म्हणजे सोसायटीची नोटीस. विंडो एसी काढून स्प्लिट लावताना ड्रेनला नवीन वाट काढावी लागते आणि जुनं भोक विटांनी बंद करावं लागतं. ही दोन्ही कामं भावपत्रकात हवीत.

"जुनी कॉपर पाइप भिंतीत आहे, तीच वापरा," असं सांगतील. आर-२२ च्या मशीनची असेल तर नाही म्हणा. आर-३२ आणि आर-४१० ए चा दाब आर-२२ पेक्षा साधारण दीडपट असतो, आणि जुन्या पाइपात राहिलेलं तेल नव्या मशीनला चालत नाही. नवीन पाइप टाकल्यावर नायट्रोजनने दाब तपासा, मग व्हॅक्यूम पंप लावा. गॅस सोडून हवा काढायची जुनी सवय आता बंद. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि तो गॅस तुमच्याच पैशाचा आहे.

जुन्या मशीनमधला गॅसही हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्या. मशीन भंगारवाल्याला तोडायला न देता नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे किंवा कंपनीच्या बायबॅकमध्ये द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि एसी त्यात येतो.

आता हिशेब मांडू

सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ३०,००० चं मशीन आधी ३८,४०० ला पडायचं, आता ३५,४००. चांगलं झालं. पण हे तीन हजार गिऱ्हाइकाचे वाचले, तुमचे नाही. मशीनची किंमत प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसते, त्यात तुम्हाला फार जागा नाही. तुमची कमाई कामात आहे. समजा, एक काम असं आहे:

- इन्स्टॉलेशनचे मिळाले: १,८०० रुपये
- दोन मुलांचा अर्धा दिवस: ८०० रुपये
- पेट्रोल: १५० रुपये
- टेप, स्क्रू, किरकोळ सामान: २५० रुपये
- उरले: ६०० रुपये

आठ दिवसांनी फोन येतो, "पाणी गळतंय." एक चक्कर म्हणजे मजुरी ४०० आणि पेट्रोल १५०. गेले ५५०. हातात राहिले ५० रुपये, आणि त्या वेळेत होणारं दुसरं काम बुडालं ते वेगळंच. एप्रिल-मेमध्ये रोज अशी एक चक्कर झाली तर जूनमध्ये काय उरणार? आकडे तुमचे टाका, उत्तर फारसं बदलणार नाही.

म्हणून पाहणीचे पैसे घ्या. रक्कम छोटी ठेवा आणि काम मिळालं तर बिलातून वजा करा. जो पाहणीचे दोन-तीनशे द्यायला तयार नाही, तो नंतर पाइपच्या प्रत्येक फुटावर भांडणार, हे आधीच कळलेलं बरं.

भावपत्रकात काय लिहायचं?

एका पानात बसवा, मराठीत लिहा:

- मशीनचं मॉडेल, टन, लेबलचं वर्ष
- कॉपर पाइप: सोबत किती फूट, वर प्रत्येक फुटाला किती
- स्टँड: कोणत्या धातूचा
- ड्रेन पाइप, भोक पाडणं, जुनं भोक बुजवणं
- वीज: वेगळी लाइन, एमसीबी, अर्थिंग, कोण करणार
- सोसायटीची परवानगी: गिऱ्हाइकाकडे
- जुन्या मशीनचं काय
- कामाची हमी किती दिवस आणि कशाची
- तारीख आणि दोघांच्या सह्या

जीएसटी नोंदणी असेल तर कर वेगळा दाखवा. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, तेव्हा सीझनमध्येच बेरजेवर लक्ष ठेवा.

आणि भाव कमी करा म्हणाले तर?

काकू म्हणणार, "दादा, समोरचा हजार रुपये कमी सांगतोय."

वाद घालू नका. कागद पुढे ठेवा आणि शांतपणे म्हणा, "काकू, जरूर घ्या त्यांच्याकडून. फक्त त्यांना एवढं विचारा, वायर वेगळी टाकणार का, स्टँड कसला देणार, आणि तुमचा छज्जा खालून बघितलाय का. हे सगळं त्याच भावात असेल तर तुमचे हजार वाचले."

बहुतेक वेळा समोरच्याने छज्जा बघितलेला नसतो. ज्यांना हजार रुपयेच महत्त्वाचे आहेत ते जातील, जाऊ द्या. जे थांबतील ते त्याच विंगमधली आणखी तीन घरं देतील, कारण एकाच वेळी बांधलेल्या इमारतीत सगळ्यांचं वायरिंग आणि सगळ्यांचे छज्जे एकाच वयाचे असतात. एका घराची पाहणी नीट केलीत तर अख्ख्या विंगचं अर्धं काम तुम्हाला आधीच माहीत असतं.

या आठवड्याचं काम

१. वरच्या पाच मुद्द्यांचा पाहणीचा फॉर्म बनवा आणि वीस झेरॉक्स काढून बॅगेत ठेवा.

२. मागच्या सीझनमधल्या दहा कामांची फुकट गेलेली चक्कर किती ते वहीत लिहा.

३. तुमच्याकडच्या प्रत्येक मुलाचं बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव आहे का ते विचारा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा आहे, वय १८ ते ७० चालतं. हे काही पुरेसं संरक्षण नाही, पण सुरुवात आहे. पुढचा खर्च हार्नेसवर करा.

आणि पुढच्या वेळी फोनवर कोणी विचारलं, "दीड टनाचं किती घेता?" तर आकडा सांगू नका. विचारा, "इमारत कोणत्या सालची आहे? उद्या संध्याकाळी बघायला येऊ का?"